अ‍ॅक्युपंक्चरला जायच्या आधी: बेळगाव-निपाणीकडच्या माणसांनी काय बघायचं, काय विचारायचं, कधी थांबायचं

कंबर धरली की आपल्याकडं माणूस आधी बाम चोळतो, मग मेडिकलातनं गोळी आणतो, मग कुणीतरी हाडवैद्य सुचवतं, मग एक्स-रे, एमआरआय, फिजिओ, नि एवढं सगळं करून झालं की शेजारची मावशी म्हणते, "एकदा सुयावाल्याकडं जाऊन बघा की ओ." मग तुम्ही बोर्ड शोधत फिरता, आत काय होतंय माहीत नसतं, किती वेळा जायचं माहीत नसतं, नि फरक पडला की नाही हे ठरवायचं कसं तेही कोण सांगत नाही. आमच्या घरात आईचा गुडघा नि माझी मान अशा दोन्हींसाठी ही वारी झालेली आहे, त्यात मला वाचायची खोड, म्हणून कळलं ते ओळीनं लिहितो. मी डॉक्टर नाही, हे धरून वाचा.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या दुखण्याला अ‍ॅक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, खरं आधी निदान, मग ठरवून तेवढीच सिटिंग, वहीत आकडे, नि आकडे हलले नाहीत तर बंद.

कशाला उपयोग होतो, कशाला नाही

ज्यावर बऱ्यापैकी अभ्यास झालाय ती दुखणी म्हणजे जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, खांदा, अर्धशिशी नि सारखं कपाळ आवळून धरणारी डोकेदुखी. जुनं म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या वरचं. आपल्या भागात अशा गिऱ्हाइकांची काय कमी नाही, वडगाव-खासबागला मागावर दिवसभर उभे राहणारे विणकर, निपाणीला मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बायका, उद्यमबागेत फाउंड्रीतली पोरं, खानापूरकडं पावसात वाकून भाताची रोपं लावणारी माणसं. यांची दुखणी कामातनं आलेली असतात नि काम तर सुटत नाही, म्हणून गोळी घेतली की बरं नि सोडली की परत, असं वर्षानुवर्षं चालतं. अशा ठिकाणी सुयांचा काहींना खरंच उपयोग होतो.

आता आकडे. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ पेशंटांची माहिती एकत्र करून तपासली, त्यात काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारापेक्षा अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं दुखणं चांगलंच कमी निघालं, नि त्याचा बराचसा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. पण खोट्या सुयांशी तुलना केली तेव्हा फरक छोटा उरला. खोट्या म्हणजे मुद्दाम चुकीच्या जागी किंवा अगदी वरवर टोचलेल्या. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीतलं आहे, २००७ मध्ये छापून आलेला कंबरदुखीचा अभ्यास, ११६२ पेशंट. सहा महिन्यांनी खऱ्या सुयावाल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या मापात आराम होता, खोट्या सुयावाल्यांपैकी ४४.२ टक्के लोकांना, नि औषध-व्यायाम असा नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना. म्हणजे सुया घेतलेल्या दोन्ही गटांना फायदा झाला नि सुई नेमकी कुठं टोचली याला आपण समजतो तेवढं महत्त्व नसावं. अमुकच पॉइंट लागला म्हणून बरं झालं असं कुणी छातीठोक सांगायला लागलं की मला हे आकडे आठवतात.

तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या २०१७ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर चालतं, नि ब्रिटनमध्ये कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये त्याच कंबरदुखीला नको म्हणून सांगितलं, तीच नाइस अर्धशिशीला मात्र होय म्हणते. त्यामुळं दवाखान्यात कुणी शंभर टक्के म्हणायला लागलं की तिथंच सावध व्हायचं.

शुगर, बीपी, थायरॉईड, मूतखडा, कॅन्सर, असल्यांना सुयांनी बरं करतो म्हणणाऱ्याकडनं चप्पल घालून बाहेर पडा. कॅन्सरच्या उपचारात मळमळ, दुखणं कमी करायला जोडीला वापरतात, ते वेगळं. चालू गोळ्या सुयावाल्याच्या सांगण्यावरनं बंद करायच्या नाहीत, विशेषतः बीपी, फिट नि रक्त पातळ करायच्या.

पहिली पायरी: आधी डॉक्टर

दुखण्याचं कारण कळल्याशिवाय सुया नकोत. काही खुणा अशा आहेत की तिथं अ‍ॅक्युपंक्चर, मालिश, डाग, कशातच वेळ घालवायचा नाही: कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद जायला लागली, छातीतली कळ हातात-जबड्यात जातेय, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम फुटायला लागलं, तोंड वाकडं झालं, दुखण्याबरोबर ताप येतोय, वजन आपोआप उतरतंय, म्हातारं माणूस पडलं नि उठता येईना. यातलं अचानक आलेलं काही असेल तर १०८ ला फोन करा नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, बेळगावात सिव्हिल आहेच, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज जवळ पडतं. बाकीच्यांनी हाडांच्या किंवा फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखवून, "सुया घेऊन बघू काय?" असं सरळ विचारावं. बरेच डॉक्टर हसतात, बघा म्हणतात, नाही असं क्वचितच म्हणतात. पण नाही म्हणाले तर कारण विचारून घ्या, त्यामागं बहुतेक काहीतरी असतं.

सुई टोचल्यावर आत काय होतं

चिनी शास्त्राप्रमाणं अंगात 'छी' नावाची शक्ती वाटांनी फिरते, ती अडली की दुखणं, नि त्या वाटांवरच्या ३६१ पॉइंटांवर सुई टोचून ती मोकळी करायची. ही मांडणी दोनेक हजार वर्षं जुनी आहे. शरीर उघडून बघितल्यावर अशा वाटा काय कुणाला सापडलेल्या नाहीत, त्यामुळं तुम्ही ते मानलं नाही तरी चालतं, सुईला त्यानं फरक पडत नाही.

आजचं शास्त्र जे सांगतं ते जास्त पटणारं आहे. कोपर दाराला आपटलं की आपण आपोआप चोळतो नि जरा बरं वाटतं, कारण चोळण्याचा निरोप मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला आडवा जातो. १९६५ मध्ये मेलझॅक नि वॉल या दोघांनी ही 'दरवाजा' कल्पना मांडली, नि सुईचं काम थोडंफार त्याच वाटेनं होत असावं. दुसरं म्हणजे एंडॉर्फिन, अंगातच तयार होणारी वेदनाशामकं. १९७० च्या दशकात असं दिसलं की अफूसारख्या औषधांचा परिणाम पुसणारं नॅलॉक्सोन दिलं की सुईनं आलेला आरामही कमी होतो, म्हणजे सुईनं ही रसायनं सुटत असणार. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईच्या जागी अ‍ॅडेनोसिन वाढलेलं आढळलं, तेही वेदना दाबतं. नि तिसरं, अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी नीट विचारपूस करणं, बरं होईल ही आशा. याला कुणी नुसता मनाचा खेळ म्हणत असेल तर म्हणू दे, गुडघा कमी दुखला म्हणजे कमी दुखला, खरं त्यासाठी किती पैसे मोजायचे हे मात्र ठरवावं लागतं.

जाता जाता एक गोष्ट. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले त्यातलेच एक डॉ. बिजॉय कुमार बसू, त्यांनी पुढं चीनमध्ये ही विद्या शिकून १९५९ मध्ये कोलकात्यात सुरू केली. म्हणजे आपल्या देशात हे काय कालपरवाचं फॅड नाही.

माणूस निवडायचा कसा

यात सगळ्यात जास्त फसवणूक होते म्हणून इथं जरा थांबतो. केंद्र सरकारनं २००३ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून नि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा नि कौन्सिल आहे, त्यामुळं कोल्हापूर-मिरजेला गेलात तर कौन्सिलचा नोंदणी नंबर मागता येतो. आपल्याकडं कर्नाटकात खासगी दवाखान्यांना केपीएमई (खासगी दवाखान्यांसाठीचा राज्याचा कायदा) खाली नोंदणी लागते नि ते सर्टिफिकेट दर्शनी जागेत लावलेलं असतं, ते बघा. इकडं सुया देणारे बरेचदा बीएनवायएस झालेले निसर्गोपचाराचे डॉक्टर असतात, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात अ‍ॅक्युपंक्चर शिकवतात. काही फिजिओ 'ड्राय नीडलिंग' करतात, सुई तीच, खरं ते चिनी पॉइंट धरत नाहीत, स्नायूतली गाठ शोधून तिथं टोचतात. दोन्ही चालतं. दोन दिवसांचं शिबिर करून बोर्ड लावलेला माणूस चालत नाही, आणि तो ओळखायचा कसा तर, "कुठं शिकलात, किती वर्षं करताय?" विचारल्यावर उत्तराऐवजी फ्रेम केलेले सत्काराचे फोटो दाखवायला लागतो.

फोनवर एवढं विचारून घ्या: सुया प्रत्येकाला नवीन असतात काय, एका सिटिंगचे किती, साधारण किती सिटिंग, नि फरक नाही पडला तर पुढं काय. आम्हाला एका ठिकाणी पहिल्याच दिवशी वीस सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी भरा, आजच भरलात तर डिस्काउंट, असं सांगण्यात आलं. आईनं पर्स मिटली नि आम्ही उठलो. पॅकेज आधी कधीच घ्यायचं नाही, एकेक सिटिंगचे द्यायचे, चांगला माणूस त्याला नाही म्हणत नाही.

अंतरही धरा. आठवड्यातनं दोनदा जायचं असतं, चिकोडीहून बेळगाव हा सहा आठवड्यांचा हेलपाटा झेपणार काय? बायकांना शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, तेवढं बरं आहे, खरं कोल्हापूर किंवा मिरज म्हटलं की ते चालत नाही. नि हंगाम बघून सुरू करा. ऐन लावणीत किंवा ऊसतोडीत सुया घ्यायच्या नि संध्याकाळी परत मोळी उचलायची, याला अर्थ नाही.

जायच्या दिवशी

उपाशी जाऊ नका, चक्कर येते. भरपेट जेवूनही नको, तासभर आधी भाकरी-भाजी किंवा दोन इडल्या पुरतात. कपडे असे की गुडघ्यापर्यंत नि कोपरापर्यंत वर सारता येतील, बायकांना सलवार किंवा सैल गाऊन सोयीचा, कंबरेच्या सुया असतील तर साडीत अवघड जातं. जोडवी नि जाड मंगळसूत्र आड येऊ शकतं, घरीच काढून ठेवलेलं बरं, दवाखान्याच्या टेबलावर नको. बाईमाणसाला पाठ उघडी करायची असेल तर घरातलं कुणीतरी किंवा एखादी सिस्टर आत थांबू दे म्हणून मोकळेपणानं सांगायचं, त्यात लाजायचं काय नाही.

चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. नि हे न विचारता सांगा: गरोदर आहे किंवा असू शकते (अंगठा नि तर्जनीमधला नि घोट्याच्या वरचा असे काही पॉइंट गरोदरपणात टाळतात), रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, रक्त लवकर थांबत नाही, पेसमेकर आहे, फिट येतात, शुगर आहे नि पायाला बधिरपणा आहे, सुई बघून पूर्वी कधी भोवळ आलीय. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजलेला असेल तर त्या हाताला सुई नको. शुगरवाल्यांनी पायावरची जखम आधी दाखवावी.

पहिल्या दिवशी बोलण्यातच बराच वेळ जातो. झोप, पोट, पाळी, राग येतो काय, थंडीत वाढतं काय, असलं सगळं विचारतात, काहीजण जीभ बघतात, मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघतात. मग दाबून दाबून कुठं जास्त कळ येते ते शोधतात. फॉर्म कन्नडात असेल नि वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा.

मग सुया. ही वेळ नीट बघण्यासारखी असते. सीलबंद पाकीट तुमच्या समोर फोडलं पाहिजे, आतली सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, नि हाताला धरलं तर वाकते. ती एका छोट्या प्लॅस्टिकच्या नळीत असते. कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरतो, नळी टेकवतात, नि वर आलेल्या सुईच्या टोकावर बोटानं एक टिचकी मारतात. टिचकीच जाणवते, टोचल्याचं फारसं कळत नाही. मग नळी काढून सुई हळूहळू आत सरकवतात, चेहऱ्या-हातावर काही मिलिमीटर, कंबर-नितंबात इंचभर किंवा जास्तही, नि दोन बोटांत धरून जराशी फिरवतात. तेव्हा जे होतं ते वेगळंच असतं, खोल कुठंतरी जड भरल्यासारखं, दाबल्यासारखं, कधी पायातनं मुंगी खाली सरकल्यासारखं. आईच्या गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूला, वाटीपासनं चार बोटं खाली एक सुई घातली तेव्हा ती म्हणाली, "टोचलं न्हाई की ओ, भरून आल्यासारखं झालं." हे अपेक्षितच असतं. खरं वीज चमकावी अशी तीव्र कळ, आग, किंवा बधिरपणा आला तर दात-ओठ खात सोसू नका, लगेच सांगा, सुई थोडी मागं घेतात. डॉक्टर कन्नडच बोलणारे असले तरी "नोवु" (दुखतंय) नि "साकु" (पुरे) एवढं आपल्याला येतंच.

अशा पाच-सहापासनं पंधरा-वीसपर्यंत सुया नि मग वीस ते तीस मिनिटं नुसतं पडायचं. बाहेर गणपत गल्लीची गर्दी असो की पाऊस, आत बरीच माणसं घोरायला लागतात. खोकला-शिंक येणार वाटली तर आधी आवाज द्या, उठून बसू नका. काही ठिकाणी सुयांना चिमटे लावून मशीननं हलका करंट देतात, स्नायू फडफडतो, तो सोसेल एवढाच ठेवायला सांगा, पेसमेकरवाल्यांनी मात्र मशीन घ्यायचं नाही. कपिंग (पेले लावून कातडी ओढून धरणं) केलं तर पाठीवर गोल काळेनिळे डाग आठवडाभर राहतात, घरच्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर बोंब होते.

सुया काढताना मोजा. घालताना किती, काढताना किती. विसरलेली सुई ही कहाणी वाटते, पण होतं असं, केसात नि कानामागं जास्त. काढलेल्या सुया पांढऱ्या जाड डब्यात गेल्या पाहिजेत, कचऱ्याच्या पिशवीत नाही. पाकिटाविना ट्रेमधनं सुया उचलताना दिसलं, किंवा "तुमच्या नावाच्या डबीत ठेवतो, पुढच्या वेळी ह्याच वापरू" असं म्हणाले, तर तिथं परत जायचं नाही, कावीळ बी, सी नि एचआयव्हीचा प्रश्न आहे.

घरी आल्यावर

जर्मनीत २,२९,२३० पेशंटांची नोंद ठेवली होती, त्यात ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक थोडं रक्त, काळंनिळं, टोचल्या जागी दुखणं. फुप्फुसाला सुई लागून हवा भरण्याच्या केसेस त्यात दोनच होत्या, खरं छाती, खांद्याचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग इथं सुया घेतल्यावर काही तासांत दम लागला किंवा श्वास घेताना छातीत टोचलं तर थेट इमर्जन्सीला जा. टोचलेली जागा लाल होऊन सुजली, ताप आला, तरी डॉक्टर.

बाकी पहिल्या एकदोन वेळी गळून गेल्यासारखं किंवा झोप आल्यासारखं होतं, त्यामुळं सुया काढल्या काढल्या गाडीवर बसून हायवेला लागू नका, चहा घ्या, पंधरा मिनिटं बसा. दुखणं एखाद दिवस वाढतंही. दोन दिवसांत उतरलं नाही तर पुढच्या वेळी सांगा, सुया कमी करतात.

वही आणि थांबायचा दिवस

सुरू करायच्या आधीच्या आठवड्यात रोज रात्री दुखणं ० ते १० मध्ये किती ते लिहा, नि त्याच्याशेजारी एक काम लिहा जे दुखण्यामुळं अडतंय. आईचं होतं विळीवर बसणं. तुमचं जिना असेल, माग असेल, विड्यांचा हजार असेल, अर्धशिशीवाल्यांनी महिन्यातले डोकं उठलेले दिवस नि गोळ्या मोजाव्यात. आकड्याला आपण फसवतो, आज डॉक्टर चांगलं बोलले म्हणून तीन लिहितो, विळीवर बसता आलं की नाही यात फसवाफसवी होत नाही.

अर्धशिशीच्या अभ्यासांत निदान सहा सिटिंग धरलेली आहेत, नाइस पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत म्हणते. म्हणून सहा झाली की वही उघडायची. आकडा दोन-तीनानं उतरलाय नि काम जमायला लागलंय, तर दहापर्यंत जा, मग अंतर वाढवत बंद करा. काहीच हललं नसेल तर तिथंच सोडा, "अजून चार घ्या, आता गुण येणार" याला भुलू नका. नि बरं वाटायला लागलं की त्याच आठवड्यात फिजिओनं दिलेले व्यायाम धरा, सुयांनी दुखणं उतरतं, मांडीत ताकद येत नाही.

घरी स्वतःला सुया टोचायच्या नाहीत, ऑनलाइन मिळतात म्हणून तर मुळीच नाही. दाबणं मात्र चालतं. मनगटाच्या आतल्या घडीपासनं कोपराकडं तीन बोटं मोजा, दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या दोन शिरांच्या मध्ये जी जागा येते तिथं अंगठ्यानं दोन-तीन मिनिटं दाबायचं. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या जागेचा चांगला पुरावा आहे, बस लागण्यावर तेवढा नाही, खरं चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना खिडकीशी बसून दाबत राहायला पैसे पडत नाहीत, पिशवी तेवढी हाताशी ठेवा.